आकाशातील बिघाड आणि भूमीवरील जबाबदारी

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. उलव्याची टेकडी कापून, नदीचे पात्र वळवून आणि दहा गावांतील संसार हलवून ही धावपट्टी साकार झाली आहे. सांताक्रूझच्या गर्दीला विटलेल्या महानगराला तिचे अप्रूप वाटावे, हे साहजिकच आहे, आणि त्या आनंदात आम्हीही सहभागी आहोत. परंतु विमानतळ म्हणजे केवळ भव्य दालने आणि सामानाचे फिरते पट्टे नव्हेत. अडचणीत सापडलेल्या विमानाला जेथे भरवशाने उतरता येते, ते ठिकाण खरे विमानतळ. ही कसोटी मोठ्या कंपन्यांच्या मोठ्या विमानांपेक्षा उद्योगपती, पुढारी आणि रुग्ण यांना घेऊन उडणाऱ्या छोट्या विमानांच्या बाबतीत अधिक कठोरपणे लागणार आहे. मुंबईत जागेअभावी कोंडलेली छोटी जेट विमाने यापुढे खाडीपलीकडे वळणार, हे उघड आहे. नव्या विमानतळाच्या योजनेतच त्यांच्यासाठी वेगळी सोय धरलेली आहे. म्हणूनच उड्डाणात असताना अशा विमानाचे एखादे यंत्र निकामी झाले तर काय होते आणि काय व्हावयास हवे, याचा विचार नवी मुंबईकरांनी आजच करणे अगत्याचे आहे.

या विचाराला आधार म्हणून महाराष्ट्रातीलच एक घटना घेऊ. ६ मे २०२१ रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या त्या भीषण दिवसांत, एक रुग्णवाहू विमान नागपूरहून उडाले. ते बीचक्राफ्ट किंग एअर सी-९० जातीचे, म्हणजे जेट नव्हे तर पंख्यांचे विमान होते. पण आकार, चालकांची संख्या आणि वापराची रीत या तिन्ही बाबतींत ते छोट्या जेटचे सख्खे भावंड. आत एक रुग्ण धरून पाच माणसे होती. उड्डाण घेताना या विमानाचे एक चाक निखळून जमिनीवर पडले. ते केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका जवानाच्या दृष्टीस पडले, आणि त्याने तत्काळ वर्दी दिली. विमानाने मुंबईची वाट धरली. मुंबईच्या विमानतळावर पूर्ण आणीबाणी जाहीर झाली, अग्निशामक दल सज्ज झाले, धावपट्टीवर फेसाचा थर पसरण्यात आला आणि रात्री नऊच्या सुमारास कॅप्टन केसरी सिंग यांनी चाके न वापरता विमान पोटावर उतरविले. पाचही माणसे सुखरूप बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सर्वत्र वैमानिकाच्या धैर्याचे कौतुक झाले, आणि ते यथोचितच होते. आपल्याकडे अशा प्रसंगी ‘देव तारी त्याला कोण मारी’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्याचीही प्रथा आहे. पण त्या रात्री पाच जणांना कोणी तारले, याचा हिशेब नीट मांडला तर वेगळेच चित्र दिसते. नागपुरात जमिनीवर उभ्या असलेल्या एका माणसाने डोळे उघडे ठेवले होते. त्याचा निरोप घेण्याची आणि पुढे पोहोचविण्याची व्यवस्था होती. मुंबईत लांब धावपट्टी होती, फेस होता, बंब होते आणि ते चालविणारी तयारीची माणसे होती. वैमानिकाला पोटावर विमान उतरविण्याची रीत ठाऊक होती. यांतील एक जरी कडी तुटली असती, तर एकट्या धैर्याने कितपत निभावले असते? धैर्य हा गुण ऐन वेळी अंगी संचारत नाही. आधी केलेल्या तयारीलाच संकटाच्या घटकेला आपण धैर्य म्हणतो, असे आम्हांस वाटते.

यंत्र म्हटले की बिघाड आलाच. विमान बनविणारेही हे गृहीत धरूनच बनवितात. चाके खाली येईनात, तर ती सोडण्याची दुसरी वाट असते. काही जेटमध्ये चाके स्वतःच्या वजनाने खाली येतात, काहींत बाटलीत कोंडलेल्या वायूच्या दाबाने ती ढकलली जातात. एक एंजिन बंद पडले तरी दुसऱ्यावर विमान चढू शकेल, अशी त्याची बांधणी असते. तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा गेली, तर ब्रेकसाठी थोडा दाब साठवून ठेवलेला असतो. विमान जागचे उतरू शकत नाही, एवढाच काय तो जमिनीवरच्या वाहनाशी त्याचा फरक. मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला लावून टोपण उघडता येते. विमानाच्या चालकाला मात्र बिघाडाचा उलगडा करीत असतानाही विमान उडवीतच राहावे लागते. म्हणून जगभरच्या वैमानिकांना पहिल्या दिवसापासून एक क्रम शिकवितात: आधी विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, आणि त्यानंतर नियंत्रण कक्षाशी बोला.

हा क्रम विसरल्याची किंमत जगाने मोजली आहे. २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेतील मायामीजवळ एक मोठे जेट उतरण्याच्या बेतात असताना पुढचे चाक खाली आल्याची खूण करणारा दिवा लागेना. वैमानिक कक्षातील जाणती माणसे त्या दिव्याच्या मागे लागली. त्या गडबडीत विमानाची उंची राखणारी स्वयंचलित व्यवस्था सुटली, विमान हळूहळू खाली येऊ लागले आणि दलदलीत जाऊन कोसळले. शंभरावर माणसे दगावली. चाक जागेवरच होते. बिघडला होता तो एक दिवा.

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे विमान सांताक्रूझहून दुबईकडे झेपावले आणि दोन मिनिटेही पूर्ण होण्यापूर्वी वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जण प्राणांस मुकले. विमान कोणत्या अंगाला कललेले आहे, हे दाखविणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते, आणि इतर उपकरणांच्या आधारे विमान सावरण्यात चालकांना यश आले नाही, असा चौकशीचा निष्कर्ष होता. खाली काळा समुद्र, वर काळे आकाश. क्षितिज कोठेच नाही. अशा वेळी डोळ्यांसमोरच्या तबकडीवर विश्वास ठेवावा की शेजारच्या, हा निर्णय काही सेकंदांत करावा लागतो. ज्याने तो प्रसंग जमिनीवरच्या बनावट विमानकक्षात, म्हणजे सिम्युलेटरमध्ये, पुनःपुन्हा अनुभवलेला असेल, त्यालाच तो सुचण्याचा संभव अधिक.

मनुष्याच्या स्मरणशक्तीवर विसंबू नये, हा धडा विमानविद्या १९३५ सालीच शिकली. त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबर रोजी बोइंग कंपनीचे एक नवे बॉम्बफेकी विमान चाचणीच्या उड्डाणातच कोसळले. वाऱ्याने शेपटीचे भाग हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. चालक कसलेले होते. विमान एकट्या स्मरणशक्तीला पेलण्यापलीकडे गुंतागुंतीचे झाले होते, इतकेच. तेव्हापासून प्रत्येक कामाची यादी करावी, एकाने ती वाचावी, दुसऱ्याने ते काम करून तसे मोठ्याने सांगावे, ही शिस्त रूढ झाली. गृहिणी यात्रेला निघताना गॅस बंद केला की नाही हे दोनदा पाहते, त्याच जातीचे हे शहाणपण आहे. मात्र यादी हाती घेण्यापूर्वी तत्क्षणी करावयाच्या काही गोष्टी असतात, आणि त्या तोंडपाठच असाव्या लागतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाची म्हणजे विमानातील हवेचा दाब घटताच प्रथम स्वतःच्या तोंडाला प्राणवायूचा मुखवटा लावणे.

ही गोष्ट छोट्या जेटच्या बाबतीत विशेष जिव्हाळ्याची आहे. ही विमाने बहुधा मोठ्या प्रवासी विमानांहूनही अधिक उंच उडतात. चाळीस हजार फुटांवर दाब एकाएकी गेला, तर माणसाची शुद्ध जेमतेम पंधरा-वीस सेकंद कामाची राहते. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी अमेरिकेत एक छोटे लियरजेट फ्लॉरिडातून टेक्सासकडे निघाले. वाटेत दाब गेला, चालकांना वेळेवर प्राणवायू मिळाला नाही आणि विमान स्वयंचलित यंत्रणेवर सुमारे चार तास दिशाहीन उडत राहिले. शेवटी ते दक्षिण डकोटात कोसळले. प्रख्यात गोल्फपटू पेन स्टुअर्ट यांच्यासह सहाही जण मरण पावले. आणि हा धोका परक्याचाच असे समजण्याचे कारण नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात दाब राखणारी कळ चालू करण्याचे राहून गेले आणि तीस-एक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले. विमान परत फिरविण्यात आले, म्हणून प्रकरण तेवढ्यावर निभावले. एक कळ, एक दिवा, एक अडसर. आकाशातील अनर्थांची उगमस्थाने ही अशी क्षुल्लक असतात.

आता छोट्या जेटची खरी अडचण पाहू. त्यात चालक दोघेच. मागे प्रवाशांना धीर देणारे, पंखांकडे पाहून येणारे तिसरे माणूस बहुधा नसते. त्याचे मालक किंवा चालविणारी कंपनी कित्येकदा चारदोन विमानांचीच असते. मोठ्या कंपनीपाशी रात्रंदिवस जागे असलेले अभियंते, हवामानाचे जाणकार आणि वैमानिकांच्या मागे उभा राहणारा सुरक्षा विभाग असतो. छोट्या कंपनीत या साऱ्यांचे काम कधीकधी दोन-तीन माणसांवर येऊन पडते. बऱ्याच जातींच्या छोट्या जेटसाठी सिम्युलेटरवरील शिक्षणाला परदेशी जावे लागते, आणि खर्चात काटकसर करण्याची पाळी आली की मालकाची नजर प्रथम तिकडेच जाण्याचा धोका असतो.

याहूनही नाजूक गोष्ट वेगळीच आहे. मोठ्या विमानातील प्रवाशाला वैमानिकाचे नावही ठाऊक नसते. छोट्या जेटमध्ये वैमानिकाला वेतन देणारा मालक, किंवा ज्याच्या एका शब्दावर कंपनीचे कंत्राट अवलंबून आहे असा बडा पाहुणा, त्याच्या पाठीमागे चार हातांवर बसलेला असतो. सभा ठरलेली असते, लग्नाचा मुहूर्त ठरलेला असतो, करारावर सह्या व्हावयाच्या असतात. अशा वेळी एखादा इशारादिवा लागला तर ‘साहेब, आपण परत फिरतो आहोत’ हे वाक्य उच्चारणे सोपे नाही. ते ज्याला निर्भयपणे उच्चारता येते, तोच वैमानिक विमान सांभाळू शकतो. आणि ते ज्याला उच्चारू दिले जात नाही, त्याच्या हाती जगातील सर्वोत्तम यंत्र दिले तरी व्यर्थ आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ही श्रीमंतांची वाहने. त्यांची चिंता त्यांनीच वाहावी, सामान्य नागरिकाने का वाहावी? आमचे उत्तर असे की, याच विमानांतून रुग्ण एका शहरातून दुसऱ्या शहरात नेले जातात. शिवाय विमान वर उडत असले तरी त्याचा बिघाड खाली येतो. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० जातीचे एक विमान घाटकोपरच्या वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या एका जागी कोसळले. विमानातील चौघांबरोबर रस्त्यावरचा एक पादचारीही मृत्युमुखी पडला. त्या बिचाऱ्याचा त्या उड्डाणाशी काय संबंध होता? अपघात जीवघेणा नसला तरी त्याची झळ सर्वांना पोहोचते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी भर पावसात मुंबईच्या धावपट्टीवर एक लियरजेट घसरले. आतील आठही जण वाचले. पण विमानतळाचा व्यवहार काही काळ थांबला आणि मोठ्या विमानांतील प्रवासी ताटकळले. उलवे, पनवेल आणि खारघर येथे राहणाऱ्यांचा या प्रश्नाशी संबंध नाही, असे मग कसे म्हणता येईल?

दुसरा आक्षेप व्यवसायाकडून येतो. नियमांचा जाच वाढविला तर हा उद्योगच बसेल, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. कागदांच्या भेंडोळ्यांनी कोणतेही विमान सुरक्षित होत नसते, आणि शिक्के मारण्याच्या कामात अभियंत्याचा वेळ गेला तर नटबोल्ट कोण पाहणार? म्हणूनच आम्ही नवे कागद मागत नाही. जी तयारी कागदावर आहे ती प्रत्यक्षात आहे की नाही, हे पाहावे, एवढेच आमचे मागणे आहे. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आहे. कायदा नवा झाला. आता दृष्टीही नवी व्हावी.

या संदर्भात आमच्या चार सूचना आहेत. पहिली सूचना शिक्षणासंबंधी. ज्या कंपन्यांना नवी मुंबईत तळ हवा असेल, त्यांच्या वैमानिकांनी त्या त्या जातीच्या विमानाचे बिघाड सिम्युलेटरवर ठरावीक मुदतीत हाताळलेले आहेत, याची खातरजमा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अवचित तपासणी करून घ्यावी. देशातच अशी सिम्युलेटर्स उभी राहण्यास सरकारने हातभार लावावा, म्हणजे शिक्षणाचा खर्च ही पळवाट उरणार नाही.

दुसरी सूचना वैमानिकाच्या नकारासंबंधी. उड्डाण नाकारणाऱ्या किंवा अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्या वैमानिकावर त्या कारणाने कोणतीही कारवाई होता कामा नये, आणि झाल्यास त्याला नाव उघड न होता दाद मागता आली पाहिजे. बड्या प्रवाशांनीही हे मनावर घ्यावे. मंत्री असो वा उद्योगपती, विमानात पाऊल ठेवल्यावर तो प्रवासी असतो, आणि विमानाचा धनी कॅप्टन असतो.

तिसरी सूचना खुद्द विमानतळासंबंधी. येथील धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. ज्या विमानाच्या पंखांच्या झडपा उघडत नाहीत किंवा ज्याचे ब्रेक दुबळे झाले आहेत, त्याला वेगाने उतरून दूरवर धावावे लागते. त्याच्यासाठी ही लांबी म्हणजे जीवदान आहे. जुहूची आखूड धावपट्टी किंवा जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान धावपट्ट्या तेवढा आधार देऊ शकत नाहीत. तेव्हा पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कोकणाच्या आकाशात अडचणीत आलेल्या छोट्या विमानाने उलव्याकडे धाव घ्यावी, हे स्वाभाविक ठरेल. मात्र सध्या येथे धावपट्टी एकच आहे. ती एखाद्या लुळ्या विमानाने अडविली तर आकाशातील बाकीच्या विमानांना सांताक्रूझने तत्काळ सामावून घ्यावे, आणि सांताक्रूझ अडले तर उलव्याने, अशी दोन्ही विमानतळांची तालीम एकत्र व्हावी. धावपट्टीच्या भोवती खाडी आहे, चिखल आहे, खारफुटी आहे. तेथे बंब जाऊ शकत नाहीत, होड्या जातात. भरती-ओहोटीची आणि चिखलाची जाण असलेल्या कोळीबांधवांना या तालमीत मानाने आणि मोबदल्याने सामील करून घ्यावे. तसेच नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उतरणारे रोहित पक्षी आणि छोट्या जेटची एंजिने यांची गाठ पडू नये, याची चिंता त्या पाणथळी राखूनच वाहावी लागेल. त्या बुजविल्या तर हुसकलेले थवे कोठे जातील, हे कोणी सांगावे?

चौथी सूचना सत्यासंबंधी. अपघाताच्या तपासासाठी २०१२ पासून देशात स्वतंत्र विभाग आहे. कोणाला फासावर चढवावे हे ठरविणे हा अशा तपासाचा हेतू नसून पुन्हा तसे घडू नये हा असतो, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मग तपासाचे अहवाल विनाविलंब प्रसिद्ध व्हावेत, आणि त्यांतील शिफारशींचे पुढे काय झाले हेही लोकांना कळावे. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांचीही नोंद तितक्याच आस्थेने व्हावी. नागपूरच्या निखळलेल्या चाकाने जर एकाही कारखान्यात, एकाही तपासनिसाच्या वहीत नवी ओळ लिहिली गेली नसेल, तर त्या रात्रीचे यश आपण वाया घालविले, असेच म्हणावे लागेल.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्याकडील लहान मूलही जाणते. आकाशात तर विहीर खणण्याची सोयच नाही. तेथे जे काही हाती लागते, ते जमिनीवरून जाताना बरोबर नेलेले असते: अभियंत्याने पिरगळून पाहिलेला बोल्ट, वैमानिकाने घोटलेली यादी, मालकाने मान्य केलेला नकार आणि धावपट्टीच्या कडेला सज्ज असलेला बंब. नवी मुंबईने भव्य विमानतळ मिळविला आहे. संकटात सापडलेल्या विमानाने ज्याचा भरवसा धरावा, असा विमानतळ म्हणून तो ओळखला जावा, ही महत्त्वाकांक्षा महासंचालनालयाने, विमानतळाच्या चालकांनी आणि या शहराच्या नागरिकांनीही बाळगावी. तिच्यासाठी टेकड्या कापाव्या लागत नाहीत. रोजची शिस्त मात्र पाळावी लागते.